दिगंबरपंतांची बिनवासाची होडी

मच्छिंद्र भोयाने होडी विकायला काढली, तेव्हा त्याच्या बायकोला, सरुबाईला, दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. बारा पावसाळे त्या होडीने मुठेतली मासळी पुण्याच्या बाजारात पोचवली होती, पण तिच्या अंगावर साधी चीर नव्हती. दर अमावास्येला मच्छिंद्र तिला काठावर पालथी घालून राळ आणि माशाचं तेल चोळायचा. स्वतःच्या डोक्याला त्याने कधी इतक्या प्रेमाने तेल लावलं नव्हतं! पण आता गुडघे कुरकुरू लागले होते, आणि खराडीला दिलेल्या लेकीच्या, शालूच्या, घरचे दोन्ही बैल ऐन मृगाच्या तोंडावर मेले होते. जावयाची पेरणी अडली तर लेक वर्षभर काय खाणार? म्हणून होडी देऊन बैलजोडी घ्यायची, असं नवराबायकोने ठरवलं.

गिऱ्हाईक आलं ते थेट सदाशिव पेठेतून. दिगंबरपंत पेशव्यांच्या फडावर कारकून होते. नदीपलीकडे त्यांची केळीची बाग होती आणि दारात बैलजोडी नुसती बसून खात होती. पंतांनी होडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, फळी न् फळी ठोकून पाहिली, पण खोट काही सापडेना. शेवटी त्यांनी उपरणं नाकाला लावलं.

"होडी बरी आहे. पण हा वास?"

"मासळीची होडी हाय, पंत. गुलाबाचा कुठनं येनार?"

"आमची केळी देवाला जातात. ती या वासातून न्यायची? छे! शुद्ध करावी लागेल."

"करा की. गोमूत्र शिंपडा, मंत्र म्हना," मच्छिंद्र म्हणाला, आणि सौदा जमला या खुशीत जावयाला सांगायला खराडीला निघून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो परतला, तर काठावर त्याची होडी नव्हती. तिच्या जागी काहीतरी पांढरंफटक पडलं होतं.

"ही... ही कुनाची?"

"आपलीच!" सरुबाईने कपाळावर हात मारला. "पंतांची मानसं आलती. दोन दिस उकळतं राखेचं पानी वतून काथ्यानं घासत व्हती. मी बोंबलले, तर म्हनाली, पंतांचा हुकूम हाय."

मच्छिंद्रने फळीवरून हात फिरवला. बारा वर्षांचं तेल गेलं होतं, राळ गेली होती, आणि फटीफटींतून पलीकडची मुठा दिसत होती.

"अगं आई गं! हिची कातडीच सोलली की!"

तेवढ्यात पंत बैलजोडी घेऊन हजर झाले. "पाहिलंस? नावाला वास नाही!"

"पंत, पाया पडतो, हिच्यात बसू नका. बुडंल ही!"

पंत जागच्या जागी थबकले. विकणाराच आपल्या मालाला नावं ठेवतोय, हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे बारीक झाले.

"असं! दुसरं गिऱ्हाईक भेटलं वाटतं?"

"न्हाई वो! ह्या फटी तरी बघा."

"हवा खेळायला बऱ्या आहेत."

"आठ दिस द्या. तेल-राळ लावून देतो."

"आठ दिवसांत दुसऱ्याच्या गळ्यात बांधशील. आम्ही पुण्यात राहतो, मच्छिंद्रा!"

मच्छिंद्र जितका कळवळून सांगे, तितकी पंतांची खात्री पक्की होई. अखेर त्यांनी रामबाण काढला. बैलांच्या शिंगांवर तुळशीची पानं ठेवली, पळीभर पाणी सोडलं आणि कासरा मच्छिंद्रच्या हातात कोंबला.

"झालं! मुठामाईच्या साक्षीने व्यवहार पुरा. तुळशीपत्र ठेवून दिलेलं आता तूही फिरवायचं नाहीस, मीही नाही. चल, वल्हव!"

बैल हातात आले, शालूच्या पेरणीची चिंता मिटली, तरी मच्छिंद्रचं मन मानेना. म्हातारा बुडाला तर? त्याने कासरा सरुबाईकडे दिला, देवाचं नाव घेतलं आणि वल्हं हाती धरलं.

पंत मांडी घालून ऐटीत बसले. आधी धोतर भिजलं, मग मांडी.

"मच्छिंद्रा, पाणी आत येतंय!"

"मगाधरनं त्येच सांगतोय, पंत!"

प्रवाहाच्या मध्यावर होडी ना कलली, ना उलटली. पंत मांडी घातलेलेच सावकाश खाली जाऊ लागले. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा त्यांनी जी किंकाळी फोडली, ती ऐकून घाटावर धुणं धुणाऱ्या बाया धावत आल्या. मच्छिंद्रने पंतांना शेंडीला धरून काठावर ओढलं.

"माझे बैल!" पाणी ओकत पंतांनी पहिला शब्द काढला. "सौदा मोडला!"

सरुबाईने कासरा पाठीमागे घेतला आणि अदबीने मान लववली. "तुळशीपत्र ठेवलंया, पंत. तुमीच."

घाटावरच्या वीस-पंचवीस बाया उत्तर ऐकायला थांबल्या होत्या. पंतांनी ओलं उपरणं पिळलं आणि पेठेची वाट धरली.

बैल वेळेवर खराडीला पोचले आणि पेरणी साधली. मच्छिंद्रने होडी बाहेर काढली, उन्हात वाळवली आणि राळ-तेल देऊन पुन्हा पहिल्यासारखी केली. होडी आता पंतांची, पण तेलाचा हात अजून त्याचाच. तेव्हापासून रोज सकाळी, आंघोळीआधी, पंत नदीवर येतात, इकडेतिकडे पाहतात आणि होडीच्या फळीला नाक लावतात.

"मच्छिंद्रा, वास कमी येतोय रे."

"कालच तेल लावलंय, पंत."

"आणखी एक हात मार. नाकाला झोंबल्याशिवाय मी काही पाय ठेवणार नाही!"