सिद्राम अण्णा आणि पाव्हण्याची दाढ

लग्नाची पंगत उठली की माणसं हात धुवायला जातात. आमचे शेजारी सिद्राम अण्णा पत्रावळी बघत उलट्या बाजूने चालू लागत. कुणी काय टाकलं, किती टाकलं, कुठल्या कडेला सरकवून ठेवलं, हे वाकून वाकून पाहायचं आणि मग त्या माणसाला मांडवाच्या दारात गाठायचं.

"पाटील, बुंदी खाल्ली आन् शेव ठिवली. दाढ कंच्या अंगाची दुखती? डावी का उजवी?"

असा प्रश्न नव्या व्याह्यांच्या देखत आला की पाटलांचा चेहरा पाहण्यासारखा होई. आमच्या घरात या सवयीला 'उष्ट्यात डोकावणं' असं नाव पडलं होतं. अण्णा चहाला आले की आमची मंडळी बिस्किटाचा चुरासुद्धा बशीत राहू देत नसे.

सोलापुरात गिरणीच्या मागच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी शाळामास्तर, अण्णा गिरणीत घडीखात्यात कापड तपासायला. कापडाचं ठाण फळीवरून सरकत यायचं आणि अण्णांनी त्यात खोट शोधायची. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पडलेली वीण, काहीही. खोट दिसली की त्या जागी कापडाच्या किनारीला लाल दोरा बांधायचा. विणणाऱ्याशी भांडायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही, नुसता दोरा बांधून पुढचं कापड ओढायचं. पंचवीस वर्षं हेच काम केल्यामुळे खिशात लाल दोऱ्याचं गुंडाळं कायम असे.

दातांचा नाद त्याच्याही आधीचा. जन्म सांगोल्याकडचा, लहानपण मेंढरांमागं गेलेलं. तिकडे मेंढरू घेताना त्याचा ओठ उचलून पुढचे दात मोजतात आणि वय ठरवतात. दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे आले की जुळलेलं. अण्णा माणसांनाही हेच माप लावत. आमच्या शाळेत नवे हेडमास्तर येणार आहेत असं मी सांगितलं, तर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "किती दाती?"

घरात ते एकटेच. आम्ही गल्लीत राहायला आलो त्याच्या वर्षभर आधी त्यांची बायको वारली होती. ते त्याविषयी बोलत नसत आणि मीही कधी विचारलं नाही.

अशा घरात ससा आला. विणकाम खात्याचा गोरा साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्या बंगल्यातला पांढराशुभ्र ससा कुणीतरी घ्यायला हवा होता. बाकीच्यांनी त्याच्याकडे कालवणाच्या नजरेनं पाहिलं. ते पाहून अण्णांनी ससा धोतराच्या सोग्यात घेतला आणि सरळ घरी आणला. नाव ठेवलं पाव्हणं.

पाहुण्याचा पाहुणचारही तसाच. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गुळाचा खडा. दारात कडब्याची पेंढी पडलेली असे, पण ती अण्णा शेजारच्या म्हशीला घालत. "पाव्हण्याला कडबा घालू व्हय?" असं मलाच विचारत. ससा मात्र गुबगुबीत झाला आणि वर्ष-दीड वर्ष आनंदात गेलं.

मग एके दिवशी सशाच्या खोक्याच्या जाळीला लाल दोरा दिसला.

"मास्तर, मेथीची पानं खाल्ली. देठ ठिवलं."

"देठ मीही ठेवतो, अण्णा."

"तुमी ठिवता. ह्यो कवा ठिवत नव्हता."

आठ दिवसांत दुसरा दोरा आला. घास तोंडात घेऊन, थोडा चघळून, ओला गोळा ससा बाहेर टाकत होता. मग तिसरा, कारण हनुवटीखालची लव ओली राहू लागली होती. चौथा दोरा लेंड्या बारीक झाल्याबद्दल. अण्णा त्या लेंड्या तळहातावर घेऊन मला दाखवायला आले तेव्हा मी जेवत होतो.

दोष दातांत आहे असं त्यांना वाटत होतं, पण तिथेच त्यांची गाडी अडली होती. मेंढपाळाच्या रीतीप्रमाणे त्यांनी ओठ उचलून पुढचे दात पाहिले होते. ते सरळ, पांढरे, एकावर एक नीट बसलेले. पुढचे दात चांगले म्हणजे जनावर चांगलं, हे त्यांना मेंढरं राखणाऱ्या काकानं शिकवलेलं. दिवसातून चारदा ओठ उचलायचे आणि चारदा हताश होऊन सशाला खाली ठेवायचे.

शेवटी ते ढोरांच्या दवाखान्यात गेले. सोबत मी होतो, कारण अण्णांना इंग्रजी येत नव्हती आणि डॉक्टरांना मराठी येत नसावी असा त्यांचा समज होता. डॉक्टर अस्सल मराठी निघाले. त्यांनी सशाकडे लांबूनच पाहिलं.

"मी बैल पाहतो, घोडे पाहतो. हे काय आणलंत? भूक मेली असेल. जंत असतील." त्यांनी पूड दिली.

पूड खाऊन ससा आणखी वाळला. हात फिरवला की पाठीचा कणा लागायचा. अण्णा गिरणीतून सुटले की खोक्यासमोर मांडी घालून बसत आणि बघत राहत. चौथ्या दिवशी मला हाक आली.

"हितं बसा. काय बोलू नगा. नुस्तं बगा."

त्यांनी ताजा लसूणघास खोक्यात ठेवला. ससा धावत आला. हुंगलं, तोंडात धरलं, दोनदा चावलं, मान झटकली आणि मागं सरला. परत आला, परत हुंगलं, परत मागं सरला.

"भूक मेली म्हनत्यात. भूक मेलेलं जनावर पळत येतं व्हय? ह्याला भूक लई हाय, मास्तर. खाता येत न्हाय." अण्णांचा आवाज चढला होता. "भूक हाय तवर येळ हाय. मी ह्याला असा मरू देनार न्हाय."

मला खरं सांगायचं तर त्या वेळी थोडं हसू आलं होतं. गल्लीत माणसं तापानं फणफणलेली असताना हा गृहस्थ सशासाठी कामावर खाडे करत होता. तसं मी बोलूनही दाखवलं. अण्णा उठले आणि आत पाणी प्यायला गेले. त्यांच्या मागोमाग मीही गेलो, तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून ठेवलेले दोन पाट दिसले. त्यातल्या एकाच्या पायाला लाल दोरा बांधला होता. पाटात काही खोट दिसली नाही, म्हणून मी तो अण्णांचा विक्षिप्तपणा समजून सोडून दिला.

मार्ग सापडला तो टांगा अड्ड्यावर. अण्णा तिथून चालले होते आणि नेहमीच्या सवयीनं घोड्याच्या पुढ्यात काय उरलंय ते बघत होते. एका घोड्याच्या पायाशी अर्धवट चघळलेल्या गवताचे ओले गोळे पडलेले. टांगेवाला म्हणाला, "दाढांना धार आली हाय. जिभंला लागती. उद्या डॉक्टर कानस मारनार हाय."

अण्णा तिथून घरी आले ते जवळजवळ पळतच. "पुडं न्हाय, मास्तर, मागं हाय. मेंढराच्या मापानं बगत हुतो, त्येच चुकलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दवाखान्यात. यावेळी अण्णांनी टेबलावर मांजरपाट कापडाचा तुकडा पसरला आणि त्यावर नमुने मांडले. ठेवलेले देठ, टाकलेले गोळे, बारीक लेंड्या. प्रत्येकाला लाल दोरा.

"डॉक्टरसायेब, घोड्याच्या दाढा घासता की. ह्येच्या का न्हाय?"

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग एक देठ उचलून पाहिलं, मग एक गोळा. "अहो, माझी कानस याच्या डोक्याएवढी आहे."

अण्णांनी खिशातून सोनाराची बारीक कानस काढली. ती त्यांनी सकाळीच मागून आणली होती.

डॉक्टर हसले आणि बाह्या सरसावून उठले. मांजरपाटात गुंडाळलेला ससा अण्णांनी छातीशी धरला. चमच्याच्या दांड्यानं तोंड उघडून, छोट्या आरशानं उजेड पाडून डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. खालच्या दोन दाढांची टोकं आत वळून काट्यासारखी झाली होती आणि जिभेची कड कापली होती. टोकं घासायला पाव तास लागला. तेवढा वेळ अण्णा डोळे मिटून सशाच्या कानात काहीतरी पुटपुटत होते.

"याचे दात जन्मभर वाढतात," डॉक्टर म्हणाले. "कडक खाऊन ते झिजले पाहिजेत. काय घालता याला?"

"दुधात कुस्करलेली भाकरी."

"तेच नडलं. कडबा घाला, वाळलं गवत घाला. आणि दर महिन्याला आणून दाखवा."

अण्णांनी ससा सोग्यात घेतला. घरी येऊन त्यांनी खोक्यात कडब्याची एक कांडी ठेवली. ससा आला, हुंगलं, आणि कुरकुर कुरकुर आवाज सुरू झाला. एक कांडी संपली, दुसरी संपली. अण्णांनी जाळीचे चारही दोरे एकेक करून सोडले. मग म्हणाले, "एक ऱ्हायला. त्यो सुटत न्हाय."

मला पाट आठवला.

"पंचवीस वर्सं मी परक्या कापडाची खोट धरली, मास्तर. घरातली न्हाय धरली. आदी मी जेवायचो, उठायचो, गिरणीत जायचो. ती मागनं जेवायची, चुलीकडं तोंड करून. ती काय खाती, काय ठिवती, म्या कवा बगितलंच न्हाय. कडक भाकरी सोडून वर्स झालं हुतं तिला. गालाच्या आत जखम हुती. डॉक्टर म्हनला, सा म्हयनं आदी का न्हाय आनली." "शेवटी निस्तं दुधात कुस्करलेलं जायचं. म्या भरवायचो. हाताला तीच सवय लागली बगा. पाव्हण्यालाबी तसंच दिलं."

सशाबद्दल हसलो होतो याची मला फार लाज वाटली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी माझ्या ताटासमोर दुसरा पाट मांडला आणि बायकोला म्हटलं, "तुझं ताट घे. बरोबर जेवू."

"काहीतरीच काय? कुणी आलं म्हणजे?"

"दार लावून घे."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि ती माझ्यासमोर अशी कधी जेवली नव्हती. अंग चोरून बसली. शेंगांची चटणी घेतली. भाकरीचा वरचा कडक पापुद्रा अलगद सोडवून ताटाच्या कडेला ठेवला आणि खालचा मऊ भाग आमटीत बुडवला. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला याच पापुद्र्यासाठी ती आपल्या भावाशी भांडली होती, हे मला लख्ख आठवलं.

"तो का ठेवलास?"

"नको वाटतो हल्ली."

"कधीपासून?"

ती ताटाकडे पाहत राहिली. "उजव्या बाजूनं चावत नाही मी. दिवाळीपासून. होतं असं एखाद्या वेळी, त्यात काय एवढं?"

मी उष्ट्या हातानंच उठलो आणि परसातल्या भिंतीपाशी जाऊन अण्णांना हाक मारली. भिंतीवर त्यांचं डोकं आलं. मी सगळं सांगितलं. या खेपेला त्यांनी डावी का उजवी विचारलं नाही.

"वयनींना भूक हाय न्हवं?"

"आहे."

"मग येळ हाय," अण्णा म्हणाले, आणि तसेच अनवाणी टांगा आणायला गेले.