गालातल्या हिरव्या पेशी

"बाई, तुम्ही स्वतः कधी पेशी पाहिलीये का? की नुसतीच फळ्यावर काढता?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून भिंगरीने हे विचारलं. वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून तिची भीड अशी काही चेपली होती, की ती भाजीवाल्याशीही 'उपस्थित मान्यवरहो'च्या थाटात बोलायची.

विज्ञानाच्या बाईंनी खडू खाली ठेवला. "पाहिलीये. तुम्हालाही दाखवली असती. पण मागच्या वर्गाने मायक्रोस्कोपखाली जिवंत मुंगळा सोडला आणि भिंग फुटता फुटता वाचलं. तेव्हापासून मायक्रोस्कोप कपाटात आहे."

"मग मी दाखवते की," भिंगरी म्हणाली. एवढं काही पैजेत ठरलं नव्हतं.

"उद्याच दाखव. एक कांद्याची, एक तुझ्या गालातली. नीट जमलं तर मायक्रोस्कोप वर्षभर बाहेर. गोंधळ घातलास तर वर्षभर कुलूप."

दुसऱ्या दिवशी भिंगरी सँडविच चावत चावतच वर्गात शिरली. कांद्याचा पापुद्रा फक्कड जमला. विटा रचाव्यात तशा पेशी. मग तिने काडीने गाल आतून खरवडला आणि ते काचेवर फासलं.

"अगं, निळ्या रंगाचा थेंब राहिला," तिची मैत्रीण लंबी कुजबुजली.

"रंग कशाला? माझ्या पेशी तशाच उठून दिसतील. ये, तूच बघ पहिली. प्राण्यांच्या पेशीला भिंत नसते, हरितलवकं नसतात..."

लंबीने डोळा लावला. "हिला भिंत आहे."

"काहीतरीच."

"आत हिरवे दाणेही आहेत."

"म्हणजे ही झाडासारखी उन्हात उभी राहून अन्न तयार करते?" मागून कुणीतरी विचारलं. "मग रोज माझा डबा कशाला संपवते?"

"बाई, हिला कुंडीत लावू या."

वर्ग बाकं बडवू लागला. बाईंनी पर्समधून कपाटाची किल्ली काढली. भिंगरीने घाईघाईने भिंगातून पाहिलं. खरंच भिंत. खरंच हिरवे दाणे.

"थांबा, बाई. भिंत आहे, हरितलवकं आहेत, म्हणजे ही पेशी वनस्पतीची. मी तर वनस्पती नाही. म्हणजे..." तिची जीभ तोंडात एक फेरी मारून दाढेपाशी अडली. "म्हणजे हा पालक आहे. सँडविचमधला."

हसू ओसरायला बराच वेळ लागला.

"आणि तुझ्या पेशी?" बाईंनी विचारलं. किल्ली अजून हातातच होती.

भिंगरीने मुकाट्याने निळा थेंब सोडला. हिरव्या चौकोनांच्या शेजारी फाटक्या अभ्र्यांसारख्या वेड्यावाकड्या पेशी हळूहळू दिसू लागल्या. प्रत्येकीत एक गडद ठिपका.

"या माझ्या. भिंत नाही, नुसतं पातळ पटल, म्हणून अशा पसरल्यात. ठिपका म्हणजे केंद्रक. सगळा कारभार तोच बघतो."

बाई बराच वेळ डोळा लावून वाकल्या होत्या. "दोन्ही पेशी एकाच काचेवर आणणारी तू पहिलीच," त्या म्हणाल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी भिंगरीने घरी हे सगळं हातवारे करकरून सांगितलं. आईने गॅस बंद केला. बाबा सरसावून बसले.

"मग, काय ठरवलंस? डॉक्टर की शास्त्रज्ञ?"

भिंगरी उभी राहिली. तिने घसा खाकरला.

"आई, बाबा, माझा निर्णय पक्का झालाय. उद्यापासून मी नाश्ता झाल्यावर चूळ भरणार."