मंजूर थरथर

सूर्य दर पाच मिनिटांनी थरथरतो, हे कार्यालयाला मान्य होतं. तसं परिपत्रकच होतं. ती थरथर मोजून सूर्याच्या पोटात चुंबकत्वाचा काय गोंधळ चाललाय ते ओळखणं, हे निरीक्षक बाईंचं काम. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो, त्यातलाच प्रकार.

सोमवारी एका जागची थरथर किंचित लवकर आली. म्हणजे आत चुंबकत्वाची गाठ वर सरकत होती. ती वर डाग होऊन फुटली की सौरवादळाने गुरुवारच्या सुमारास शहराची वीज जाणार, आणि गुरुवारीच त्यांच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन. इशाऱ्याचा मसुदा घेऊन त्या साहेबांकडे धावल्या.

“सूर्यावर डाग दिसला?”

“अजून नाही, साहेब. म्हणून तर इशारा.”

“दिसत नाही, तर इशारा कशाचा? आणि दिसला की सगळ्यांनाच दिसेल. मग इशारा कशाला?”

कारकुनाने रजिस्टर उघडलं. “बाई, आमच्याकडे बावीस वर्षं पाच म्हणजे पाचच मिनिटं. कमीजास्त आलं की मीच सरळ करतो. बरं दिसतं.”

“अहो, त्या कमीजास्तातच सगळं असतं!”

“मग तुमचं यंत्र बिघडलंय.”

मंगळवारी यंत्र दुरुस्तीला गेलं. बुधवारी साहेबांनी, एकतर्फी कारवाई नको म्हणून, सूर्याकडून लेखी खुलासा मागवला. मुदत सात दिवस. नोटीस गच्चीवर भर उन्हात चिकटवली, म्हणजे मिळालीच नाही अशी सबब त्याला उरायला नको.

बाईंनी मग स्वतःच इशारा लिहिला आणि हॉस्पिटल गाठलं. वडील निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला.

“शिक्का कुठाय?”

“बाबा, माझ्यावर विश्वास नाही?”

“तुझ्यावर आहे गं. कागदावर नाही. ऑपरेशन उद्याच.”

गुरुवारी साडेअकराला वीज गेली. दर महिन्याला तपासल्याची सही असलेला जनरेटर काही सुरू होईना. डॉक्टरांनी मोबाइलच्या उजेडात टाके घातले. बाबा वाचले, आणि बाई बाहेर भिंतीला टेकून ढसाढसा रडल्या.

इशारा वेळेत न दिल्याचा ठपका बाईंवरच आला. नोकरीही जाईल म्हणतात. खरं तर तो कागद त्यांनी बुधवारी फोनवरून गावभर पाठवला होता. तुमच्याकडेही आला होता. तुम्ही तो चार जणांना धाडलात, वर हसून लिहिलंत, “कोण उठवतं असल्या अफवा?” तो इशारा नव्हताच, अफवा होती, याचा बाईंविरुद्ध पुरावा म्हणून चौकशी समितीने तुमचाच मेसेज जोडलाय.