स्टोन्स थ्रो आणि प्रल्हादकाकांचा उजवा डोळा

अंतर ही मोजता येणारी राशी आहे, असं विज्ञान मानतं. हे मत बनवताना विज्ञानाने अमेरिकेतल्या उपनगरात घर घेतलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं.

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आमचं मराठी मंडळ आहे. मंडळातल्या घरांमधली अंतरं दोन पद्धतींनी सांगितली जातात: मैलांत आणि इंग्रजी वाक्प्रचारांत. दुसरी पद्धत अधिक विकसित आहे. तिला रस्ता लागत नाही, पेट्रोल लागत नाही, आणि तिच्यातलं अंतर प्रेम वाढेल तसं कमी होत जातं. (मैलांच्या बाबतीत हा गुणधर्म अद्याप आढळलेला नाही.)

या विषयाकडे मंडळाचं लक्ष गेलं ते प्रल्हादकाकांच्या एका चुकीमुळे. काकांनी फोन केला.

काका मोटारींचे ब्रेक डिझाइन करून निवृत्त झाले आणि ट्रॉयमध्ये एकटेच राहतात. मागच्या वर्षी काकू गेल्या. तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने निघताना, दारात बूट चढवता चढवता, काकांना एकेक अंतर सांगितलं होतं. कोणी अ स्टोन्स थ्रो अवे, म्हणजे दगड भिरकावला तर पोचेल इतकं जवळ होतं, कोणी राइट अराउंड द कॉर्नर. काकांनी ती सगळी लक्षात ठेवली. ब्रेकचा माणूस अंतराच्या बाबतीत गाफील राहत नाही.

यंदा काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजवीकडचा जास्त पिकला होता, म्हणून आधी तो डोळा करायचं ठरलं. लायसन्सच्या नूतनीकरणासाठी नजरेची तपासणी तोंडावर आली होती, आणि ट्रॉयमध्ये गाडी बंद झाली की माणसाचं घर हे बेट होतं. ऑपरेशन छोटं होतं. अट एकच होती: सोबत एक सज्ञान, ओळखीची व्यक्ती हवी. तिने बाहेर बसायचं आणि पेशंटला घरी न्यायचं. टॅक्सीही चालेल, पण टॅक्सीत ती व्यक्ती शेजारी हवी. तिचं नाव आधी कळवल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही, असं क्लिनिकने बजावलं.

काकांनी पहिला फोन मंडळातल्या संजीवांना केला.

"काका! बोला ना. वी आर जस्ट अ स्टोन्स थ्रो अवे, तुम्हाला माहितीये. कधी आहे? गुरुवारी सकाळी? अरे यार, गुरुवारी माझा रिव्ह्यू असतो. शनिवारी नाही का करत ते डोळे?"

दुसरा रत्नाला.

"अहो काका, कालच मी ह्यांना म्हटलं, काकांची चौकशी करायला हवी. काही लागलं तर आय ॲम जस्ट अ फोन कॉल अवे हं."

"म्हणूनच फोन केलाय," काका म्हणाले.

"बरं केलंत! करत जा असाच."

त्या संध्याकाळी रत्नाने काकांना डोळ्यांच्या व्यायामाचा व्हिडिओ पाठवला. (काकांना तो नीट दिसला नाही.)

तिसरा फोन मुलाला, पार पश्चिम किनाऱ्याकडच्या बॉथेलला. "बाबा, यू नो आय ॲम ओन्ली अ फ्लाइट अवे," शिव म्हणाला.

"मग ये ना."

"नेक्स्ट क्वार्टर. फॉर शुअर."

ऑपरेशनची तारीख गेली. दुसरी मिळाली, तीही गेली. प्रकरण मंडळाचे अध्यक्ष रवी यांच्या कानावर गेलं. मंडळाने अशा वेळी गो द एक्स्ट्रा माइल केलं पाहिजे, असं ते कळकळीने म्हणाले आणि त्यांनी अंतरविषयक उपसमिती नेमली. उपसमितीला आकडेमोड येणारा एक पदवीधर हवा होता, म्हणून ते काम प्रस्तुत लेखकाकडे आलं.

उपसमितीने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची वाक्यं तपासली. 'स्टोन्स थ्रो'चं सरासरी मूल्य ११.४ मैल निघालं. (हवेचा विरोध शून्य धरला तरी एवढ्या लांब जाणारा दगड आवाजापेक्षा जास्त वेगाने फेकावा लागतो. मंडळात अशी एकही व्यक्ती नाही.) हे मूल्य ऋतूनुसार बदलतं, बर्फ पडल्यावर कोणीच कोणापासून स्टोन्स थ्रोवर राहत नाही. 'मीट हाफवे' म्हणजे समोरच्याच्या घराजवळचं कॉफीचं दुकान. हा शोध दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे लावला होता. ॲन आर्बरच्या दुकानात हापूस आल्याचं कळताच संजीव त्याच संध्याकाळी जाऊन आले. तिथलं अंतर मात्र त्यांनी "चाळीस मैल" असं सांगितलं. त्यावरून उपसमितीला नियम मांडता आला: जिथे जायचं असतं तिथलं अंतर माणूस मैलांत सांगतो, आणि जिथे जायचं नसतं तिथलं वाक्प्रचारात.

निष्कर्ष असा की संजीव, रत्ना आणि शिव यांचा वापर निर्दोष होता. चुकले ते काका. "जस्ट अ फोन कॉल अवे" या वाक्याला "थँक यू, सो स्वीट" असं उत्तर देऊन ते वाक्य संपवायचं असतं. काकांनी ते चालू ठेवलं. नव्याने येणाऱ्यांकडून असं होऊ नये म्हणून कार्यशाळा घ्यावी, अशी शिफारस झाली. (काकांना कोणी न्यावं, हा प्रश्न उपसमितीच्या कार्यकक्षेत नव्हता. प्रस्तुत लेखकाकडे गाडी आहे. पण निरीक्षकाने प्रयोगात ढवळाढवळ करायची नसते.)

हा मसुदा ग्रुपवर टाकल्यावर त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. रांगेत मध्येच एक प्रश्न आला: "पण काकांसोबत जातंय कोण?"

विचारणारे राजाराम नुकतेच नागपूरहून बदली होऊन आले होते. त्यावर रवींनी सूर्यास्ताचा फोटो टाकला.

राजारामांनी थेट काकांनाच फोन लावला. "काका, गाडी नाही माझ्यापाशी. लायसन्सही नाही. पण तिथे नुसतं बसायचंच आहे ना?"

"हो. आणि टॅक्सीत शेजारी."

"मग बसतो ना. कधी निघायचं?"

अंतराचा एकही उल्लेख न करता हा माणूस आला, ही बाब उपसमितीने भाषिक अपरिपक्वता म्हणून नोंदवली. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर काकांनी राजारामांना पहिल्यांदा स्वच्छ पाहिलं आणि "मला वाटलं होतं त्याहून तुम्ही बरेच जाड आहात," असं सांगितलं. राजाराम इतके हसले की आतून नर्स बाहेर आली. नंतर लायसन्सही मिळालं. एका डोळ्यावर मिळतं तेवढं, म्हणजे दिवसा चालवण्यापुरतं.

कार्यशाळेला राजाराम नियमित आले. माणूस हुशार आहे. वर्ष संपायच्या आत त्यांची गाडी झाली, बढती झाली, आणि डाव्या डोळ्याची तारीख ठरल्यावर काकांनी फोन केला तेव्हा त्यांचं इंग्रजीही झालेलं होतं.

"काका! आता तर मी राइट अराउंड द कॉर्नर! आधी का नाही सांगितलंत? त्या दिवशी नेमका क्लायंट येतोय हो. पण एनी टाइम, काका. एनी टाइम."

"थँक यू," काका म्हणाले. "सो स्वीट."

उपसमितीने दोघांचीही नोंद कार्यशाळेचं यश म्हणून केली आहे.

डावा डोळा राहिला आहे. इथवर आलात, म्हणजे तुम्हाला काकांबद्दल कळवळा वाटतो आणि आमच्या मंडळाबद्दल तुमचं मत फारसं चांगलं नाही. दोन्ही योग्यच. क्लिनिकच्या बाई आत्ता फोनवर थांबल्या आहेत. सोबत येणाऱ्याचं नाव त्यांना लिहून घ्यायचं आहे. सांगा. (तुम्ही किती लांब राहता, ते त्यांनी विचारलेलं नाही.)