गोदाक्कांची सूनबाई

गोदाक्का आपल्या नव्या खुब्याला 'सूनबाई' म्हणायच्या.

"काल रात्रभर सूनबाईनं झोपू दिलं नाही," असं त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी चांगलीच चमकले. खालच्या मजल्यावर बाई एकट्या राहतात हे मला पक्कं ठाऊक होतं. माझा चेहरा बघून त्यांनी उजव्या मांडीवर हलकीशी थाप मारली. "ही गं, ही! बाहेरनं आणलेली हाय. डॉक्टरनं ठोकून बसवली म्हणून लगेच घरची होते का? रुळायला वेळ नको? हिच्या कलानं घ्यावं लागतंय. स्वल्प जास्त बोललं की रुसते."

आम्ही तेव्हा नुकतेच पुण्याहून बंगलोरला आलो होतो. नव्वदच्या दशकात जो उठे तो कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी तिकडे धावत होता, त्यात माझा नवराही. शिवाजीनगरात घर मिळालं असं त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या आईला वाटलं, आम्ही पुण्यातच परतलो. पण हे शिवाजीनगर वेगळं. इथे बसस्टँडच्या गोंगाटातून एका बोळात वळलं की गोदाक्कांचं दुमजली घर. वर आम्ही भाडेकरू, खाली त्या. कित्येक पिढ्यांपासून बंगलोरात राहिलेलं त्यांचं मराठी घराणं. मराठी बोलायच्या, पण त्यात कानडी असं मिसळलेलं असायचं की सुरुवातीला मला निम्मंच कळायचं.

"आमचे लोक घोड्यावरनं आले, तू रेल्वेनं आलीस," त्या म्हणायच्या. "बाकी फरक काय?"

मला त्या नावानं कधीच हाक मारत नसत. छताला काठीनं ठोकायच्या आणि ओरडायच्या, "ओ पुणे!" सगळ्या बोळात मी 'पुणे'. भाजीवालासुद्धा मला पुणे अम्मा म्हणायला लागला. आधी मला भयंकर राग यायचा. मग एकदा त्या तापानं आजारी पडल्या आणि काठी चार दिवस गप्प होती, तेव्हा लक्षात आलं की दिवसातून दहादा कोणीतरी माझ्या गावाचं नाव घेत होतं, आणि मला ते हवं होतं. आईची आठवण आली की मी काहीतरी निमित्त काढून खाली जायची.

त्या पडल्या तेव्हा धप्प असा आवाज मीच ऐकला. धावत खाली गेले, तर स्टूल आडवं, माळ्याचं दार उघडं, आणि गोदाक्का जमिनीवर. पाय भलत्याच कोनात, चेहरा पांढराफटक, आणि छातीशी एक पितळी भांडं घट्ट धरलेलं. भांड्यावर मणभर धूळ.

"अहो, हे कशाला काढायला गेलात?"

"तुला काय करायचंय? ऑटो बोलाव."

रिक्षात बसवतानाही भांडं सोडेनात. शेवटी मीच ते हिसकावून घेतलं, तर म्हणाल्या, "चिंचेनं घासून ठेव." कळ एवढी की ओठ दातांत धरलेला, आणि बाईला चिंच सुचत होती!

ऑपरेशन झालं. मुलगा मोहन धावपळ करत होता. होसकोटेच्या एका कारखान्यात तो कामाला, राहायला के. आर. पुरमला. इतक्या जवळ मुलगा आणि आई एकटी, हे कोडं मला पडलेलं होतंच. ते इस्पितळात सुटलं. गोदाक्कांच्या खोलीबाहेरच्या बाकावर साध्या सुती साडीतली एक मुलगी मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसलेली असायची. मी "आत चला ना" म्हटलं, तर तिनं मान हलवली. "मला आत यायला सांगितलेलं नाही."

ती लीना. मोहनची बायको. मंगळूरकडची, ख्रिस्ती, घरात कोकणी बोलणारी, शाळेत शिक्षिका. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि गळ्यातले हार तसेच ठेवून आशीर्वाद घ्यायला आले. गोदाक्का दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आत येऊ नको." बस, एवढंच. मोहन एकटा येत राहिला. ती मात्र त्या दारापाशी पुन्हा आली नाही. आणि आता सासूच्या ऑपरेशनलाही ती बाकावरच बसून होती. डब्यात उकड्या तांदळाची पेज आणि खोबऱ्याची चटणी असायची. मोहन तो डबा आत नेऊन द्यायचा.

"इस्पितळातली पेज काय सुरेख असते गं," गोदाक्का मला म्हणाल्या.

माझ्या तोंडावर आलं होतं, पण मोहननं डोळ्यांनी दटावलं. मी गप्प बसले. मला गप्प बसणं जमत नाही, हे माझ्या सासरी कोणीही सांगेल.

घरी आल्यावर सुरू झाली फिजिओथेरपी. मंजुनाथ नावाचा एक लुकडा तरुण लुनावरून यायचा. वाऱ्यानं उडेल असा, म्हणून गोदाक्का त्याला पैलवान म्हणायच्या. त्याचा एकच मंत्र होता: "निधान, अम्मा, निधान." म्हणजे सावकाश. मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, झोपताना दोन पायांत उशी ठेवायची.

उशीबद्दल गोदाक्कांची तक्रार नव्हती. "आमच्या यजमानांपेक्षा बरी. घोरत नाही."

वॉकरला त्यांनी मोहनच्या लहानपणच्या सायकलची घंटी बसवून घेतली. स्वयंपाकघराच्या वळणावर ट्रिंग ट्रिंग. घरात त्यांच्याशिवाय कोणी नाही, मग घंटी कोणासाठी? "वळणावर वाजवावी. पद्धत असते," असं उत्तर मिळालं. वॉकरच्या एका दांडीला भाजीची पिशवी, दुसरीला किल्ल्यांचा जुडगा आणि मध्ये ट्रान्झिस्टर. मंजुनाथनं हा संसार बघून कपाळाला हात लावला.

व्यायाम मात्र इमानेइतबारे करायच्या. कळ आली की शिव्या द्यायच्या, पण खुब्याला नाही, मंजुनाथला. खुब्याला गोंजारायच्या. "चल गं सूनबाई, एवढं एक पाऊल. मी हाय न्हवं? तुला काय कमी पडू देते का मी?" हे त्या इतक्या मायेनं म्हणायच्या की मला बाकावरची ती मुलगी आठवायची. वाटायचं, बाई, हाडामांसाची एक तयार आहे, तिला जरा असं बोला की! पण बोलायची छाती झाली नाही.

गंमत म्हणजे चालण्याचं त्यांना कौतुक नव्हतं. बाकीचे पेशंट म्हणे विचारतात, देवळात कधी जाऊ, जिना कधी चढू. ह्यांचा प्रश्न रोज एकच: "पैलवाना, वाकायचं कधी?"

"वाकायचं नाही, अम्मा."

"सरी, बरं, आज नाही. पण कधी?"

"कधीच नाही. खुबा निखळेल."

की बाई तोंड फिरवून बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "वाकायचं कधी?" मी तर वैतागले. "अहो अक्का, जमिनीवर एवढं काय ठेवलंय तुमचं? रांगोळी मी घालते. पडलेलं उचलायला मोहननं तो लांब चिमटा आणून दिलाय. मग हट्ट कसला?"

"चिमट्यानं करायचं काम न्हवं ते," एवढंच म्हणाल्या.

शेवटी मंजुनाथ हरला. एक युक्ती आहे म्हणाला. डाव्या हातानं भक्कम आधार धरायचा, डाव्या पायावर भार घ्यायचा, आणि ऑपरेशनचा उजवा पाय सरळ मागे सोडत पुढे झुकायचं. पाय मागे जातो, म्हणून खुबा दुमडत नाही. त्यानं करून दाखवलं, पाण्यात मासा टिपणाऱ्या बगळ्यासारखं. "पण मी असतानाच करायचं," अशी तंबीही दिली.

त्या दिवसापासून सराव सुरू. उशी उचल, पिशवी ठेव, असं काही नाही. मी चिंचेनं घासून लखलखीत केलेलं तेच पितळी भांडं ठेवायचं आणि उचलायचं, तेही बाहेरच्या दाराच्या उंबऱ्यावर, चौकट धरून. मंजुनाथ म्हणे, स्वयंपाकघरात ओटा धरून करा, तिथे सोपं पडेल. "बेडा," गोदाक्का म्हणायच्या, "नको तिथं. इथंच." पहिल्यांदा भांडं हातातून सुटून गडगडत पार फाटकापर्यंत गेलं. मी ते आणून दिलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ते साधं भांडं नव्हतं. ते माप होतं. नवी नवरी घरात येते तेव्हा तांदळानं भरून उंबऱ्यावर ठेवतात, आणि ती उजव्या पायानं लवंडून आत येते, ते.

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझ्या सासूनं माझ्यासाठी ठेवलं होतं. तिच्या सासूनं तिच्यासाठी. मोहनच्या लग्नासाठी मी घासून तयार ठेवलं होतं, पुणे. ती आली त्या दिवशी ते तिथं कोपऱ्यात भरलेलं होतं. आणि मी काय बोलले बघ." मग पदरानं माप पुसत राहिल्या. "पेज कोणाची ते मला पहिल्या घोटालाच कळलं होतं. इस्पितळवाले कुठं एवढी माया घालतात?"

त्या आठवड्यात मोहन आला तेव्हा त्याच्यासमोर कॉफीचा पेला ठेवत त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं, "रविवारी दोघं या." मोहनचा पेला तोंडापाशीच थांबला.

रविवारी गोदाक्का नऊवारी नेसून दाराशी उंच खुर्चीत बसल्या. मांडीवर काठोकाठ तांदूळ भरलेलं माप. मोहन आला, एकटाच. "तिला यायचंय गं. पण बोळापर्यंत आली आणि पाय उचलेना तिचा. परत गेली."

"सरी," गोदाक्का म्हणाल्या. तांदूळ पुन्हा डब्यात ओतले.

पुढच्या रविवारी पुन्हा नऊवारी, पुन्हा माप. त्याच्या पुढच्याही. फाटक वाजलं की त्या चौकट धरून उठायच्या, आणि दूधवाला असायचा, नाहीतर पेपरवाला, नाहीतर मीच. माझ्याकडे बघून "तू होय" म्हणायच्या, तेव्हा मी पुणे असल्याचं मला वाईट वाटायचं. संध्याकाळी तांदूळ डब्यात. मंजुनाथचं येणं संपलं होतं, पण वाकायचा सराव त्या रोज एकट्यानं करायच्या. मी वरून कठड्याला टेकून बघायची. मागे गेलेला पाय थरथरायचा आणि त्या पुटपुटायच्या, "निधान, सूनबाई, निधान."

मग एका रविवारी त्या नऊवारी नेसल्या नाहीत. खुर्ची आत घेतली. माप फळीवर गेलं. "नाही यायची ती," मला म्हणाल्या. "मी तरी आले असते का?" आणि ट्रान्झिस्टर लावून ओट्यापाशी भाजी निवडत उभ्या राहिल्या.

त्याच दिवशी फाटक वाजलं.

मी जिन्यात होते. बघते तर मोहन, आणि त्याच्यामागे लीना, हातात तोच स्टीलचा डबा. पायऱ्या चढून दारापाशी आली. एक पाय उचलणार, तोच आतून घंटी खणखणायला लागली, ट्रिंग ट्रिंग ट्रिंग, आणि गोदाक्कांचा आवाज आला:

"थांब! आत येऊ नको!"

लीनाचा पाय जागच्या जागी थिजला. तिच्या तोंडावरचा रंग उडालेला मी पाहिला. तेच दार, तेच शब्द. तिनं डबा मोहनच्या हातात दिला आणि वळली.

"अगं बाई, जाऊ नको!" मी जिन्यातून किंचाळले. "थांब गं, तसं नाही ते! अहो मोहन, धरा तिला!"

ओट्याच्या खिडकीतून त्यांनी दोघांना पाहिलं असावं; आतून वॉकर आदळत गोदाक्का आल्या. किल्ल्या खुळखुळतायत, ट्रान्झिस्टर गातोय, आणि कडेच्या पिशवीत माप, घाईघाईत भरलेलं, तांदूळ वाटभर सांडत आलेले. धापा टाकत त्यांनी माप काढलं. मी घ्यायला पुढे झाले.

"हात लावू नको, पुणे. हे सासूनं ठेवायचं असतंय."

त्यांनी चौकट धरली. उजवा पाय मागे सोडला. आणि इंच इंच खाली झुकायला लागल्या. तांदूळ टपटप पडत होते. लीना पाठमोरी होती ती हळूहळू वळली आणि बघत राहिली. किती वेळ लागला कोण जाणे. माप उंबऱ्यावर टेकलं. ते अर्धंच उरलं होतं. त्या तशाच सावकाश सरळ झाल्या, घामानं निथळत.

"आता ये," गोदाक्का म्हणाल्या. "उजवा पाय. निधान."

लीनानं चप्पल काढली. पायाच्या बोटानं मापाला इतकं भीत भीत शिवली की ते नुसतं डुललं. "मेल्ये, जरा जोरात!" गोदाक्का ओरडल्या, आणि मग माप लवंडलं आणि उरलेसुरले तांदूळ घरात पसरले.

ती आत आली आणि पहिलं काय केलं, तर खाली बसून तांदूळ गोळा करायला लागली. सवयच ती. गोदाक्कांना तिच्यापर्यंत वाकता येईना. वॉकर धरून त्या तिच्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या.

"ते राहू दे गं, सूनबाई," त्या म्हणाल्या. "उठ आधी. तोंड वर कर. त्या दिवशी मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं."