नानांचं उजेडातलं जेवण

आमच्या बिरवाडीच्या आळीत नाना कुणाला जेवायला बोलावतात तेव्हा वेळ सांगत नाहीत. "सूर्य बुडायच्या आत या," एवढंच सांगतात. डिसेंबरात त्यांच्याकडे गेलं तर दुपारचं जेवण जिरायच्या आत रात्रीचं पान समोर येतं. मे महिन्यात मात्र सात वाजत आले तरी नाना ओट्यावर निवांत आणि पाहुणा भुकेनं कासावीस.

नाना मूळचे पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतले. कारखान्यात पाळ्या करून निवृत्त झाले आणि इथंच राहिले. घरात ते आणि त्यांची बायको माई. मुलगी संगीता नोकरीसाठी मुंबईला. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहतो, त्यामुळे आमंत्रणं मला सर्वांत जास्त.

उन्हाळ्यात एवढा उशीर का, असं विचारायची सोय नाही. विचारलं की नाना आतून कैरी आणतात, तिच्यात विणायची सुई आरपार खुपसतात आणि मधल्या भागापासून थोडा वर हळदीचा ठिपका लावतात. "ही बिरवाडी." मग माझ्या हातात बॅटरी देतात. मी सूर्य.

"सूर्य उन्हाळ्यात रेंगाळत नाय," सुई तिरकी धरून कैरी फिरवत ते सांगतात. "पृथ्वी आधीच कललेली हाय. उन्हाळ्यात आपली बाजू त्याच्याकडं कलते. मग हा ठिपका फेरीतला जास्त वेळ उजेडात जातो आणि कमी वेळ काळोखात. म्हणून सकाळ लवकर, सांज उशिरा. थंडीत उलटं. आता पृथ्वीच कललेली, त्याला मी काय करू?"

हे शेवटचं वाक्य त्यांना फार उपयोगी पडतं. संध्याकाळच्या लग्नाला गेले नाहीत, पृथ्वी कललेली. भजनाला माईंना पाठवलं नाही, पृथ्वी कललेली. आळीचं मत असं की म्हातारा विजेचं बिल वाचवतो.

संगीताचं लग्न ठरायच्या बेतात आलं तेव्हा मुलाकडच्यांनी थंडीतला एक रविवार सुचवला. संध्याकाळी पोहोचू, जेवून परत फिरू, असं मुलाच्या आईनं फोनवर सांगितलं.

"मे महिन्यात या," नाना म्हणाले. "दिवस मोठा असतो."

संगीता त्यानंतर दोन दिवस वडिलांशी बोलली नाही. पण माणसं भली. मे महिन्यात यायला कबूल झाली.

त्या दिवशी हायवेवर त्यांच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. संगीताला सुट्टी मिळाली नव्हती. नाना दुपारपासून ओट्यावर उभे. ऊन डोंगरावर चढलं, मग डोंगरावरूनही गेलं. गाडी दारात आली तेव्हा समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येईल एवढाच उजेड उरला होता. नानांनी कुणाला कैरी दाखवली नाही. पाहुण्यांचे पाय धुऊन होताच त्यांनी पंचा कंबरेला बांधला.

"आमच्यात दिवस बुडाल्यावर पुरुषानं वाढायची रीत हाय," ते म्हणाले.

अशी रीत कुणीच ऐकली नव्हती. मुलगा हसला, त्याचे वडीलही हसले. नाना आमटी सांडत, भात दोनदा वाढत, पंगतीतून फिरत राहिले. मी जास्तीची ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेलो. मुलाची आई माझ्या मागोमाग आली.

आत दिवा लागलेला होता. माई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पाहुणीचा आवाज ऐकून त्या घाईनं पाण्याचा तांब्या द्यायला वळल्या आणि त्यांचा हात तांब्याच्या शेजारून रिकामाच गेला. पुन्हा तसंच झालं. मग हात त्यांनी पदरात घेतला.

"अंधार पडला का मला दिसत नाय," त्या म्हणाल्या. "दिवा असला तरी नाय. डॉक्टर म्हणतात, यावर इलाज नाय. संगीताला तसं काय नाय, बरं का."

"मला ठाऊक आहे," मुलाची आई म्हणाली. "संगीतानं आमच्या मुलाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, तुमच्याकडच्या फोननंतर त्यानं मला. तुम्ही कधी बोलताय त्याची मी वाट बघत होते." तिनं तांब्या उचलून माईंच्या हातात दिला. "आज आम्ही राहतो. सकाळी तुमच्या हातची भाकरी खाऊन निघू."

जेवणं उरकल्यावर नाना ओट्यावर येऊन बसले. मी त्यांना आत काय झालं ते सांगितलं. त्यांनी पंच्याला हात पुसले.

"ती म्हणाली होती, माझ्या डोळ्यांचं कुणाला बोलू नका," ते म्हणाले. "माणसं विचारणारच. माई रातची का येत नाय, माई का वाढत नाय. त्यापरीस म्हातारा चक्रम हाय, म्हणू दे."

आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. मध्येच माई हसल्या. मग त्यांनी तिथूनच हाक मारली, "अवो, तुम्ही जेवलात ना?"

वाढण्याच्या धांदलीत नानांनी पान घेतलंच नव्हतं. पातेली मी रिकामी पाहिली होती.

"जेवलो गो," नाना म्हणाले. "पोटभर."