शून्य मिनिटं

आमच्या समोरच्या घरात राहणारे गायकवाडकाका घरात बूट घालून बसतात. काळे, चामड्याचे, नाडीचे बूट. सकाळी साडेसातला चढवतात, दुपारी अडीचला काढतात. मध्ये कुठेही जात नाहीत. दार सताड उघडं, दारात खुर्ची, खुर्चीत काका आणि काकांच्या पायात पॉलिश केलेले बूट. रविवारी मात्र चप्पल. हे रोजचे सात तास मी अंदाजाने सांगत नाही. माझ्या साठलेल्या रजा संपवायला मी पंधरा दिवस घरी होतो, तेव्हा घड्याळ लावून पाहिलेलं आहे.

मी ठाण्याच्या एका कारखान्यात उत्पादन नियोजन बघतो. कोणतं यंत्र किती मिनिटं चाललं आणि किती मिनिटं रिकामं राहिलं, हे लिहिण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. त्यामुळे रिकामं बसलेलं काहीही दिसलं की मला अस्वस्थ होतं. आणि नशीब असं, की मी आणि माझी बायको सुजाता, आम्ही कोपरला घर घेतलं ते नेमकं ह्या माणसाच्या समोर.

बुटांचं कारण त्यांनी मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, आणि नंतर साधारण महिन्यातून एकदा सांगत आले. "नऊ वर्षं बदली होतो मी, पेडणेकर!" बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी घ्यायचा माणूस. रोज सकाळी कारखान्याच्या गेटवर उभं राहायचं. टाइमकीपर नावं पुकारणार. नाव आलं तर आत, नाही तर घरी. आत गेलात तरच पगार. एकदा बूट भिजले म्हणून काका चप्पल घालून गेले, आणि नेमकं त्याच दिवशी त्यांचं नाव पुकारलं गेलं. टाइमकीपरने त्यांच्या पायांकडे बघितलं आणि पुढचं नाव घेतलं. ज्याची ती जागा होती तो परत आलाच नाही, आणि पुढच्या नावाचा माणूस तिथेच कायम झाला. काका आणखी चार वर्षं गेटवर उभे राहिले.

"एका नाडीपायी चार वर्षं गेली," काका म्हणतात. "तेव्हापासून ठरवलं. नाव कधीपण येऊ दे. आपण बांधून तयार."

"पण काका, तुम्हाला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. आता कोण पुकारणार?"

"ते पुकारणाऱ्याचं टेन्शन. आपलं नाही."

इथपर्यंत मी सहन केलं असतं. पण मग त्यांना तो फुटबॉलपटू सापडला.

काकांना फुटबॉलचं वेड आहे असं म्हणता येणार नाही. गोल झाला तर तो कोणत्या बाजूवर झाला, हे त्यांना विचारावं लागतं. त्यांना वेड आहे ते एका फुटबॉलपटूचं, आणि तोही न खेळणारा. युरोपातल्या कुठल्याशा बड्या क्लबने त्याला आठवड्याला काही कोटी पगारावर घेतलं, मग नवा प्रशिक्षक आला आणि त्याने ह्याला बाकावर बसवलं. दुसरे लहान क्लब बोलावत होते. पगार निम्म्याहून कमी, पण रोज खेळायला मिळेल म्हणाले. हा गेला नाही. करार संपेपर्यंत इथेच बसणार म्हणाला. ही बातमी काकांनी आमच्याच पेपरात, माझ्याआधी वाचली. त्याचं नाव त्यांना आजही धड घेता येत नाही. ते त्याला "आपला बसलेला" म्हणतात.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिसरा मजला चढून आलो की काका खुर्चीतून हात वर करायचे. "शून्य मिनिटं, पेडणेकर!" म्हणजे बसलेला आजही मैदानात उतरला नाही.

सुरुवातीला मी "अरे वा" म्हणायचो. पुढे नुसती मान हलवायचो. पुढे पिशवीत किल्ली शोधत असल्याचं दाखवायचो. जून महिन्यात मात्र माझा संयम सुटला. "काका, आता त्यांचे सामने बंद आहेत. दोन महिने सुट्टी असते त्यांना. मग शून्य कसलं मोजताय?"

"शून्याला सुट्टी नसते," काका म्हणाले आणि खूश होऊन हसले.

एका शनिवारी मी हा विषय कायमचा मिटवायचं ठरवलं. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यांच्यासमोर हिशेब मांडला. "हे बघा. वय एकोणतीस. फार तर पाच वर्षं राहिली. वर्षाला चाळीस सामने, सामन्याला नव्वद मिनिटं. म्हणजे आयुष्यात उरली अठरा हजार मिनिटं. एक वर्ष बसला, की त्यातली तीन हजार सहाशे गेली. ती कोणत्याही पगारात परत मिळत नाहीत. यंत्र न चालवता ठेवलं की गंजतं. आणि काम न करता पगार घेणं मला तरी पटत नाही. त्याने पैसे सोडावेत आणि जाऊन खेळावं."

काकांनी पान हातात घेतलं, चष्मा लावून नीट पाहिलं. "गुणाकार बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तो बाकावर बूट बांधून बसतो की सैल सोडून, ते कुठे लिहिलंय ह्यात?"

"त्याने काय फरक पडतो?"

"अहो, सगळा फरक तोच! सैल सोडून बसला असेल तर हरामाचं खातोय. त्याला हाकला. पण नाडी बांधून बसला असेल, तर त्याला बसलेला म्हणायचं नाही. तो कामावर आहे. त्याला सगळे पैसे द्या, वर चहा द्या." मग त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. बाकावर बसलेल्या खेळाडूंचा फोटो होता. "आता हे बघा. गुडघ्यापर्यंतच काढलाय! पाय कुठायत? ह्या फोटोवाल्यांना कोण शिकवतं, पेडणेकर?"

मी पान घेऊन घरी आलो. आई पलंगावर पडल्यापडल्या म्हणाली, "बरोबर बोलतात ते." आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे, तिला सगळ्यांचंच बरोबर वाटतं.

गणपतीनंतर काकांची मुलगी वंदना आमच्याकडे आली. ती वर्तकनगरला राहते. त्यांची वसाहत पाडून नवी इमारत झाली, त्यात मोठं घर मिळालं. "बाबांसाठी वेगळी खोली काढलीय, दादा. लिफ्ट आहे, बुद्धविहार पाच मिनिटांवर. सगळं हाताशी. दोन वर्षं मागे लागलेय, नाहीच म्हणतात. कारण विचारलं तर 'ड्युटी आहे' म्हणतात. कसली ड्युटी? मागच्या महिन्यात जिन्यात चक्कर आलेली त्यांना. मला फोनसुद्धा केला नाही. तुमचं ऐकतील ते."

जिन्यातली चक्कर मला माहीत नव्हती. ती ऐकून काळजी वाटलीच. पण खरं सांगायचं, तर संध्याकाळी शांतपणे घरात शिरता येईल, हेही मनात आलं. मी तिला शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काका चपलेवर होते. मी खुर्ची ओढून बसलो आणि मुद्दे मांडले. जिन्याच्या पायऱ्या चौपन्न. लिफ्ट नाही. जेवण स्वतः करायचं. तिकडे लेक, जावई, खोली, डॉक्टर. "आयतं बसून खायचं वय आहे, काका."

काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्याने पैसे सोडून खेळायला जायचं, आणि मी खेळ सोडून आरामात बसायला जायचं. तुमचं पान त्याला एक सांगतं आणि मला दुसरं?"

"पण काका, तुम्ही इथे तरी कुठे खेळताय?" माझा आवाज चढलाच. "दोन वर्षं बघतोय. दारात बूट घालून नुसते बसता! कोणाची वाट बघता?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना सोप्या बेरजेचं उत्तर विचारलं होतं.

"माईंची," ते म्हणाले.

माई म्हणजे माझी आई.

"तुम्हीच तर कामाला लावलेलं मला," काका म्हणाले. "माई न्हाणीघरात पडलेल्या, त्या वेळी. तुम्ही देवघरातली घंटा त्यांच्या उशाशी ठेवली आणि मला येऊन म्हणालात, 'माझी आणि सुजाताची रजा संपली. घंटा वाजली तर तेवढं बघा. बाई मिळेपर्यंत तुम्ही बदली, काका.' विसरलात?"

विसरलो होतो. पंधरा दिवसांत शैलाबाई मिळाल्या, आणि काकांना मोकळं करायचं राहून गेलं. बदली हा शब्द मी त्यांना बरं वाटावं म्हणून गमतीत वापरला होता. कारखान्यात एखादं काम संपलं आणि मी ते बंद केल्याची नोंद केली नाही, असं सत्तावीस वर्षांत घडलेलं नाही.

"अहो, पण शैलाबाई आहेत ना आता," मी कसंबसं म्हणालो. "दोन वर्षं झाली."

"आहेत की. चांगली बाई आहे. आठला येते, दीडला जाते. सूनबाई विठ्ठलवाडीच्या शाळेतून अडीचला येतात. दीड ते अडीच कोण असतं?"

मी मनात आकडे लावले. दीड ते अडीच कोणीच नसतं. रोजची साठ मिनिटं माझी आई घरात एकटी असते, आणि मिनिटं मोजण्याचा पगार घेणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

"मग सकाळपासून बूट कशाला?"

"शैलाबाई एखाद दिवस नाही आली तर? ते काय सांगून येतं?" काका म्हणाले. "आणि ते शून्य मिनिटं... आपल्या बसलेल्याचंही असायचं, नाही असं नाही. पण तुम्ही दमून यायचात, म्हटलं पहिलं कानावर घालावं. घंटा वाजली नाही. माई बऱ्या आहेत."

मी घरी आलो. चूक लक्षात आली की दुरुस्त करायची, ही माझी सवय. सोमवारी शैलाबाईंशी बोललो. एक तास जास्त थांबायला त्या आनंदाने तयार झाल्या. मंगळवारी सकाळी काकांच्या दारात उभा राहिलो. काका बूट घालून बसले होते.

"काका, सोय झाली. शैलाबाई आता अडीचपर्यंत. तुम्ही मोकळे. फार उपकार झाले."

"चांगलं केलंत," काका म्हणाले. मग वाकले, एका बुटाची नाडी सोडली, दुसऱ्याची सोडली. त्यांचे मोजे टाचेवर विरलेले होते. बूट उचलून त्यांनी आत नेले, आणि थोड्या वेळाने दार लावल्याचा आवाज आला. दोन वर्षांत ते दार सकाळी बंद झालेलं मी प्रथमच पाहिलं.

त्या संध्याकाळी जिन्यात कोणी हात वर केला नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मी किल्ली काढून दोन दोन मिनिटं नुसता उभा राहत होतो. शुक्रवारी वंदनाचा फोन आला. "दादा, काय जादू केलीत? बाबा हो म्हणाले! एक तारखेला टेम्पो घेऊन येते. पण दादा, त्यांचा आवाज बरा वाटत नाही. 'ने बाई, कुठेही ने' म्हणाले."

शनिवारी सुजाताची शाळा होती, मला मात्र त्या दिवशी सुट्टी होती. मी समोरची कडी वाजवली. काका बनियनवर होते, दाढी वाढलेली. पेपरही उघडलेला नव्हता.

मी खोटं बोलत नाही. हा मोठेपणा नाही, मला ते नीट जमत नाही. तरी म्हणालो, "काका, घोटाळा झालाय. शैलाबाईंना दीडनंतर जमत नाही म्हणतात."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.

"मग?" ते म्हणाले.

"मग बदली लागेल. सोमवार ते शनिवार."

"पण वंदनाला हो म्हटलंय मी."

"शनिवारी संध्याकाळी जायचं तिच्याकडे. रविवार राहायचं. सोमवारी सकाळी जावई आणून सोडतील. बोललोय मी तिच्याशी. आधी चिडली, मग 'चालेल' म्हणाली. फक्त चक्कर आली तर लगेच फोन करायचा, ही तिची अट."

काकांनी विचार केला. "आपल्या बसलेल्यालाही आता तसंच पाठवतायत," ते म्हणाले. "एका क्लबचा, पण खेळायला दुसरीकडे. लोनवर म्हणतात त्याला. तसं असेल तर हरकत नाही." आणि मग आत वळून, स्वतःशीच बोलल्यासारखं, "अरे, पॉलिशची डबी कुठे टाकली मी?"

खाली येऊन मी शैलाबाईंना फोन केला आणि जास्तीचा तास रद्द केला. त्यांचा त्या महिन्याचा जास्तीचा पगार मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण दिला. त्यांची काही चूक नव्हती.

सोमवारी संध्याकाळी जिना चढलो. काका खुर्चीत होते, ताजी दाढी केलेली. अडीच कधीच वाजून गेले होते, तरी बूट पायातच. मला बघताच त्यांनी हात वर केला.

"बावीस मिनिटं, पेडणेकर!"

मी पिशवी दारातच टाकली. मी धावतच घरात शिरलो. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. टिपॉयवर चहाचे दोन रिकामे कप होते, आणि सोललेल्या वाटाण्यांचा वाडगा.

"काय झालं? पडलीस? घंटा का वाजवलीस?"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "काही झालेलं नाही. दोन वर्षं तो माणूस बूट बांधून बसलाय. म्हटलं एकदा तरी मैदानात उतरवावा."